७५ हजारांची शिकवणी आणि त्याहून महाग पडणारं कार्ड

नाशिकच्या इंदिरानगरमधून एका ताईंचं पत्र आलं आहे. घरी चार वर्षांचा गावठी कुत्रा आहे, टायगर. गेले दोन-तीन महिने तो येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर धावतो, कानाला हात लावला की गुरगुरतो, आणि मागच्या महिन्यात सिलेंडर घेऊन आलेल्या माणसाच्या पोटरीला चावला. नाशिकजवळच्या गिरणारे गावाकडे फार्म असलेला एक प्रशिक्षक त्याला तीन महिने ठेवून घ्यायला तयार आहे. ७५ हजार, सगळे आगाऊ, सुधारण्याची गॅरंटी. दुसरा एक जण घरी येऊन शिकवतो. बैठकीचे १,२०० घेतो, आठ-दहा बैठका लागतील म्हणतो, पण खात्री देत नाही. ताईंचं मन पहिल्याकडे आहे. प्रश्न एवढाच, की दीड लाखाची एफडी मोडू, की क्रेडिट कार्डावर बारा महिन्यांचे बिनव्याजी हप्ते करू? पुढे लिहितात, ‘एफडीला हात लावायला जीव होत नाही. कार्डावर तसेही १ लाख १० हजार बाकी आहेत, पण मिनिमम ड्यू कधी चुकवत नाही.’

ताई, मी या शेवटच्या वाक्यापाशीच थांबलो. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, वेळेवर भरली की बँक दंड लावत नाही, एवढंच. उरलेल्या बाकीवर व्याज चालूच राहतं. महिन्याला साडेतीन टक्के धरा, म्हणजे वर्षाला ४२. १ लाख १० हजारांवर वर्षाचं व्याज ४६ हजार, त्यावर जीएसटी ८ हजार. वर्षाला ५४ हजार जातात आणि मूळ रक्कम जेमतेम हलते. तिकडे एफडी सात टक्क्यांनी तुम्हाला वर्षाला साडेदहा हजार देते. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. मागची बाकी शिल्लक असली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. टायगरच्या खाण्याची पिशवी कार्डावर घेतली, तर तिचं व्याज त्याच दिवसापासून सुरू. अशा कार्डावर ७५ हजारांचे हप्ते चढवायचा विचारही करू नका.

एफडी मोडायचीच आहे, पण कार्डासाठी, आणि याच आठवड्यात. मुदतीआधी मोडल्याचा अर्धा-एक टक्का कापतील, कापू द्या. कार्ड पूर्ण फेडलंत की हातात ४० हजार उरतील. टायगरचं त्यात नीट भागतं.

कारण तुमच्या पत्रात कानाचा उल्लेख आहे. चार वर्षं शहाण्यासारखा वागलेला कुत्रा एकाएकी बिघडतो आणि नेमका कानाला हात लागला की गुरगुरतो, तेव्हा प्रशिक्षकाच्या आधी पशुवैद्य. कानातला संसर्ग, गोचीड ताप, सांधेदुखी, यातलं काहीही असू शकतं, आणि दुखणाऱ्या जनावराला शिकवणी लावून उपयोग नाही. तपासणी आणि औषधं यांना दोन-तीन हजार बाजूला ठेवा. ज्याला चावला त्याची रेबीजची सगळी इंजेक्शनं झाली का, हे आज विचारा. सिव्हिलमध्ये ती मोफत मिळतात. टायगरची दरवर्षीची लस झाली आहे ना, तेही पाहा. त्याला बाहेर नेताना जाळीचं मुसकं घाला, त्यात कुत्र्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. पाळलेल्या जनावराबाबतचा निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे, त्यामुळे दुसऱ्यांदा चावला तर ते प्रकरण माफी मागून मिटेलच असं नाही.

आता फार्मवाल्याविषयी. कुत्र्यांचा प्रशिक्षक व्हायला आपल्याकडे परवाना लागत नाही. पाटी लावली की झालं. जिवंत प्राण्याच्या वागण्याची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याला मी तरी आगाऊ रुपया देणार नाही. तीन महिने फार्मवर टायगर त्या माणसाचं ऐकायला शिकेल. पण बेल वाजणार तुमच्या दाराची, आणि त्या वेळी काय करायचं हे तुम्ही, मिस्टर आणि लेक शिकलेलेच नसाल. घरी येणारा माणूस मला बरा वाटतो, खात्री देत नाही म्हणूनच. त्याला विचारा, कुत्र्याने चूक केली तर काय करता? उत्तरात गळा आवळणारी साखळी, काट्यांचा किंवा करंटचा पट्टा आला, तर नमस्कार करून पाठवून द्या. भीतीने दबलेला कुत्रा पुढे जास्त जोरात चावतो. खाऊ आणि शाबासकी देऊन शिकवणारा, डॉक्टरांचा रिपोर्ट आधी मागणारा, घरातल्या प्रत्येकाकडून सराव करून घेणारा असेल तर ठेवा. पैसे बैठकीगणिक द्या. दहा बैठकांचे १२ हजार. डॉक्टर धरून १५. आणि महिन्या-दोन महिन्यांत तो पूर्वीसारखा होईल ही आशा सोडा, सराव वर्षभर चालेल.

उरलेल्या २५ हजारांना हात लावू नका, कारण तुमच्याकडे अडीअडचणीचा पैसा दुसरा नाहीच. तो का नाही, ते पत्राच्या शेवटी सापडलं. मुलीच्या शिक्षणासाठी म्हणून बँकेतल्या ओळखीच्या साहेबांनी मिस्टरांच्या नावावर पॉलिसी दिली. वर्षाला ९६ हजार, बारा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी २२ लाख. दोन हप्ते झाले. साडेअकरा लाख भरून २२ लाख ऐकायला छान वाटतं, पण परतावा पडतो साडेचार टक्के. मुलगी आठ वर्षांची आहे. त्याच शाखेत तिच्या नावाने सुकन्या समृद्धी खातं उघडता आलं असतं, सध्या ८.२ टक्के व्याजाने. साहेबांनी ते सांगितलं नाही, कारण त्यात कमिशन नाही. माझा संताप याचाच होतो. मुलगी दहाची व्हायच्या आत ते खातं उघडा.

त्याहून वाईट म्हणजे पॉलिसीचं संरक्षण १० लाख, आणि घराचं कर्ज बाकी २४ लाख. उद्या अंबडहून घरी येताना मिस्टरांना काही झालं, तर पॉलिसीच्या पैशांतून निम्मं कर्जही फिटत नाही. एक कोटीच्या टर्म विम्याला, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणाऱ्या साध्या विम्याला, चाळिशीत वर्षाला २० हजारांच्या आसपास लागतात, आणि सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही.

तिसरा हप्ता पाच आठवड्यांनी आहे. वार्षिक हप्त्याला त्यापुढे ३० दिवसांची सवलत मिळते, म्हणजे दोन महिने हातात आहेत. आधी टर्मचा अर्ज करा. तो मंजूर होऊन कागद हातात आला की मगच जुन्या पॉलिसीचा हप्ता थांबवा. दरम्यान सरेंडर केल्यास (पॉलिसी बंद करून) किती मिळतील आणि पेड-अप ठेवल्यास (पुढे न भरता कमी रकमेवर चालू ठेवल्यास) किती, हे कंपनीकडून लेखी घ्या. दोन हप्त्यांनंतर नियमाने किमान ३० टक्के परत मिळतात, म्हणजे ५८ हजार. बाकीचं गेलं. वाईट वाटेल, मलाही वाटतं. पण पुढचे हप्ते भरत राहिलात तरी त्यांवर साडेपाच-पावणेसहा टक्केच सुटणार, आणि त्यासाठी अजून ९ लाख ६० हजार घालायचे आहेत. मी घालणार नाही. महिन्याला पॉलिसीचे ८ हजार आणि मिनिमम ड्यूचे साडेपाच हजार मोकळे झाले, की टर्मचा हप्ता धरूनही सहा-सात महिन्यांत ७०-७५ हजार साठतात. सुकन्याचं नियमित भरणं त्यानंतर.

मिस्टर दोन वर्षांपासून बीपीची गोळी घेतात असं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. टर्मच्या फॉर्ममध्ये ते स्पष्ट लिहा. एजंट ‘एवढ्या गोळीचं काय लिहायचं’ म्हणाला, तरी लिहाच. हप्ता थोडा वाढेल, पण गोष्ट लपवल्याच्या कारणावरून पुढे दावा अडकणार नाही.