जुन्या थ्रॅश बँडने ट्यूनिंग खाली उतरवावं का?

तुमचा प्रश्न वाचला आणि आमचे दिवस आठवले. ठाण्याचा जुना थ्रॅश (वेगवान हेवी मेटल) बँड, गिगला येणारी पोरं म्हणतात आवाज जुना झाला, म्हणून सात तारांच्या गिटारी घेऊन खालच्या ट्यूनिंगला, म्हणजे आणखी खर्जातल्या सुरांना, जावं का, असं तुम्ही विचारताय. नका जाऊ. मी समीक्षक नाही, मत फक्त अनुभवाचं आहे.

जुडास प्रीस्ट या जुन्या मेटल बँडचंच बघा. गायक रॉब हॅलफर्ड नसताना १९९७ मध्ये त्यांनी ‘जगुलेटर’ हा अल्बम काढला, नव्वदीच्या चालीवरचा, जड आणि खालच्या सुरातला. तो आवडीने पुन्हा लावणारा मला कुणी भेटलेला नाही. २०१८ चा ‘फायरपॉवर’ मात्र विशीतली पोरंही ऐकतात. रिफ (गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे) जुन्या वळणाचेच, पण गिटारवर २०११ मध्ये आलेला रिची फॉकनर होता आणि निर्मितीला जुन्या टॉम अ‍ॅलमच्या जोडीला अँडी स्नीप.

आमचं वाटोळं झालं ते स्टुडिओत. नाव घेत नाही. ड्रम आम्ही थेट वाजवून दिले होते. त्यांनी न विचारता एकेक ठोका संगणकातल्या ग्रिडवर, म्हणजे काटेकोर मोजलेल्या तालावर, ओढून बसवला, किक आणि स्नेअर या ड्रमच्या जागी सॅम्पल, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेले तयार ठोके, घातले, वर सांगितलं की आजकाल असंच चालतं. थ्रॅशमध्ये ड्रमर जरा पुढे पळतो, सगळा जीव त्यातच असतो. तोच काढून टाकला. मूळ ट्रॅक मागितले तर आधी ‘हार्ड डिस्क शोधतो’, मग जादा पैसे, मग फोन उचलणंच बंद. पैसे संपले होते, अल्बम तसाच काढावा लागला. आमचा ड्रमर म्हणाला, ‘हे मी वाजवलेलंच नाही,’ आणि बँड सोडून गेला. तसा हात पुन्हा मिळाला नाही. अजून संताप होतो.

तेव्हा शेवटचा हप्ता देण्याआधी सगळे कच्चे ट्रॅक स्वतःच्या डिस्कवर घ्या. ड्रमला काय करायचं, काय नाही, ते लेखी ठरवा. सगळे स्टुडिओ असे नसतात, आणि सॅम्पलही मुळात वाईट नाहीत. डेथ मेटलच्या वेगात किक स्पष्ट ऐकू यायला ते उपयोगी पडतात.

पोरांचं म्हणाल तर १ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडन या जुन्या मेटल बँडने जगाचा दौरा आपल्या मुंबईतल्या बीकेसीतून सुरू केला, बहुतेक गाणी ऐंशीच्या दशकातली घेऊन. ती आली तेव्हा जन्मलेलीही नसलेली कितीतरी पोरं समोर होती. पण याच मेडनने २००६ च्या दौऱ्यात नवाकोरा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला होता. तुमच्या सेटमध्ये गेल्या काही वर्षांत लिहिलेलं एकही गाणं नाही, असं तुम्हीच लिहिलंय. मला अडचण तिथे दिसते, ट्यूनिंगमध्ये नाही.

जेन्ट (खालच्या ट्यूनिंगवरचा नवा मेटल प्रकार) मनापासून आवडत असेल तर गोष्ट वेगळी, मग जरूर वाजवा. सात तारांची गिटार घेतलीच तर जाड तारा लावून नीट सेटअप करून घ्या आणि पावसाळ्यात पुन्हा तपासा, आपल्या दमट हवेत गिटारची मान (नेक) सरकते. त्याआधी एक नवं गाणं लिहा. जॅमरूममध्ये फोनवर रेकॉर्ड केलेलं असलं तरी टाका, ऐकून सांगतो.