मॅडमना सगळं फोनवरच लागतं!

प्रश्न: ताई नमस्कार, मी पुण्यात एका पीआर म्हणजे जनसंपर्काच्या एजन्सीत आहे, वय २६. आमच्या मॅडम पन्नाशीच्या. प्रेस नोट मेल केली की लगेच "पेपरच्या डेस्कला फोन केलास का?" आणि महिनाअखेरीला पेपरातली कात्रणं मोजून तेवढ्या जागेला जाहिरातीचा रेट लावून क्लायंटला आकडा द्यायचा. इन्स्टावरचे क्रिएटर घेऊ म्हटलं की "ते काय पेपर आहेत का?" मध्यंतरी एका क्लायंटची तक्रार रात्री व्हायरल झाली, मॅडम म्हणाल्या सकाळी बघू, सकाळपर्यंत वाट लागलेली. काय करू?

उत्तर: अगं, कात्रणांचं तुझं शंभर टक्के बरोबर आहे. जाहिरातीच्या रेटने बातमीची किंमत काढू नका हे २०१० सालीच बार्सिलोना तत्त्वांमध्ये, म्हणजे पीआरचं काम कसं मोजायचं याच्या आंतरराष्ट्रीय नियमांमध्ये, स्पष्ट लिहिलंय, पण क्लायंटच आकडा मागतो म्हणून ते चालूच राहतं, तेव्हा मॅडमवर एकट्यांवर राग नको.

रात्रीचं मात्र जास्त गंभीर आहे. २००३ मध्ये कॅडबरीत अळ्या सापडल्या तेव्हा बातमी पेपर आणि टीव्हीवरून पसरत होती, कंपनीने पॅकिंग बदललं, २००४ च्या सुरुवातीला अमिताभ बच्चनना घेऊन जाहिरात केली आणि लोक परत आले. मॅडम त्या काळात घडल्यात, सकाळी बघू हे तेव्हा चालायचं. २०१५ मध्ये मॅगीवर बंदी आली ती जूनमध्ये, मुंबई हायकोर्टाने ती ऑगस्टमध्ये रद्द केली, पण फोनाफोनी आणि फॉरवर्डमध्ये लोकांनी आपापला निकाल आधीच लावून टाकला होता, तिथे सकाळची वाट बघून कसं चालेल!

म्हणून शांत दिवशी मॅडमसमोर बस आणि दोन ओळी आधीच मंजूर करून घे: तक्रार मिळाली, तपासतोय, अमुक वाजेपर्यंत उत्तर देऊ. रात्री त्या कोण टाकणार आणि मॅडमचा फोन लागला नाही तर कोणाला विचारायचं, हेही क्लायंटकडून लेखी घे. कारण नंतर काय झालं, का झालं हे सांगायला मॅडमच लागतील, त्यांच्या एका फोनवर रिपोर्टर छापायच्या आधी क्लायंटची बाजू ऐकतो, ती ओळख वर्षानुवर्षं फोन करूनच होते. तूही कर ना फोन, फक्त "मेल मिळाला का" विचारायला नको, त्याने डेस्कवरची माणसं वैतागतात. त्यांच्या बीटवर, म्हणजे ते ज्या विषयाच्या बातम्या बघतात त्यात, सध्या काय चाललंय ते विचार.

आणि क्रिएटरबाबत मॅडमचं थोडं ऐक. पैसे देऊन करून घेतलेली पोस्ट ही जाहिरातच असते, तसं लेबल लावायलाच हवं, जाहिरात मानक परिषदेचे नियम २०२१ पासून आहेत. ती पोस्ट रिपोर्टमध्ये कव्हरेज म्हणून घालू नकोस, वेगळ्या रकान्यात दाखव, मग मॅडमचाही विरोध बराच कमी होईल असं मला वाटतं.