अपेक्षा ऑगस्टमध्ये लिहायची

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि डोकंच फिरलं, तुझ्यावर नाही गं, त्या बोर्डवाल्या पोरींवर. हॉस्टेलच्या मजल्यावर बोर्ड लावला, हस्कर्स, म्हणजे आपली नेब्रास्का विद्यापीठाची अमेरिकन फुटबॉल टीम, यंदा २०२५ला किती गेम जिंकणार ते प्रत्येकीने लिहायचं, कोणी नऊ, कोणी दहा, एकीने तर अकरा, आणि तू एकटीने सात लिहिलंस तर लगेच कोणीतरी म्हणालं की हिला काय कळतंय, ही कुठे इथली आहे. आणि त्यावर तू मला विचारतेस, काका, मी कमी अपेक्षा ठेवते म्हणजे मी कमी फॅन आहे का?

या इथली-तिथली प्रकरणावर मी वेळ घालवणार नाही. लिंकनचं आपलं मेमोरियल स्टेडियम १९६२पासून प्रत्येक गेमला सोल्ड आऊट आहे, तिथे येणाऱ्या ऐंशी-पंचाऐंशी हजार लोकांना कोणी जन्मदाखला मागत नाही. तू पुण्याहून आलीस का इथल्याच ग्रँड आयलंडहून, थर्ड डाऊनला, म्हणजे समोरच्यांना अडवायची वेळ येते तेव्हा, ओरडून तुझा घसा बसतो ना, मग झालं.

पण तुझा प्रश्नच चुकीच्या जागी आहे. सात की दहा यावर तू दोन पानं लिहिलीस, मॉडेल चालवलंस, आणि मुख्य गोष्ट सोडूनच दिलीस. आकडा कुठला हे दुय्यम आहे. तो तू कधी लिहिलास आणि नोव्हेंबरमध्ये तोच ठेवणार का, एवढंच महत्त्वाचं. अपेक्षा ऑगस्टमध्ये लिहायची आणि सीझन संपेपर्यंत खोडायची नाही. मी हे पत्रभर परत परत सांगणार आहे, कंटाळलीस तरी वाच.

आता ते दहा कुठून आले ते बघ. आपला कोच मॅट रूल आधी टेंपल कॉलेजला गेला, पहिल्या वर्षी २ जिंकला, मग ६, मग १०. बेलरला गेला, १, ७, ११. आपल्याकडे २०२३ला ५, २०२४ला ७, म्हणजे २०२५च्या रकान्यात लोकांनी दहा आधीच भरून टाकलेत. तिसरं वर्ष, तिसरं वर्ष, ओमाहात माझ्या ऑफिसच्या लिफ्टमध्येसुद्धा हेच ऐकतो. दोन उदाहरणांवरून नियम निघत नाही हे स्टॅटिस्टिक्स शिकणाऱ्या मुलीला मी काय सांगू. बेलर तेव्हा स्कँडलमधून उद्ध्वस्त होऊन आलं होतं, ती एक जिंक त्या पडझडीतली होती, आणि तेव्हा पोरगं कॉलेज बदललं की एक वर्ष बसून काढायला लागायचं, त्यामुळे कोचला तीच पोरं तीन वर्षं वाढवता यायची. आता ट्रान्सफर पोर्टल आहे, नाव टाकलं की कॉलेज बदलता येतं, हिवाळा आला की अर्धी टीम दाराकडे बघते. यंदा, २०२५च्या १ जुलैपासून तर कॉलेजं खेळाडूंना सरळ पैसे देऊ शकतात, या पहिल्या वर्षाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, आणि ते पैसे ज्यांच्या खिशातून येतात ते चौथ्या वर्षाची वाट बघत बसणार नाहीत. त्यात इंडियानाचं कॉलेज. २०२३ला ३-९, म्हणजे तीन जिंकले, नऊ हरले, नवा कोच सिग्नेटी आला, बरोबर स्वतःच्या आधीच्या टीममधली पोरं घेऊन आला, आणि २०२४ला ११-२. आपल्याला त्यांनी ५६-७ धुतलं. त्या दिवसापासून इथल्या लोकांचा धीर सुटलाय, त्यांना एका वर्षात जमतं तर आपण रूलला ७ कोटी ४० लाख डॉलरचं आठ वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट देऊन काय मिळवलं, असं विचारतात, आणि तो प्रश्न काही वेडगळ नाही.

दहा लिहिणारी मुलगीही वेडी नाही, हेही सांगतो. यंदा समोर तगडी ओहायो स्टेट नाही, ओरेगन नाही, मिशिगन, यूएससी आणि आयोवा तिघंही लिंकनला येतायत. बॉल टाकणारा आपला क्वार्टरबॅक रायओला दुसऱ्या वर्षात गेलाय, गेल्या वर्षी पोराने १३ टचडाऊन टाकले आणि ११ इंटरसेप्शन दिले, म्हणजे बॉल सरळ समोरच्यांच्या हातात, ते अकरा निम्म्यावर आले तरी दोन-तीन गेम इकडचे तिकडे होतात. ऑफेन्सचा कोच हॉल्गोर्सन, त्याला ऑफेन्स बसवायला पूर्ण ऑफसीझन मिळालाय. तेव्हा तिच्याशी भांडू नकोस. तिला फक्त एवढं विचार की नऊ जिंकले आणि आयोवाशी हरले तर तू काय म्हणशील, आणि ते आत्ता लिहून दे. बघ, लिहून देणार नाही. कोणीच देत नाही.

मला हे शिकवलं २००३ने. मी १९९७ला इथे एमएसला आलो, ते कोच टॉम ऑस्बर्न यांचं शेवटचं वर्ष, टीम एकही गेम हरली नाही, मिशिगनबरोबर वाटून का होईना पण नॅशनल टायटल आलं. मला तेव्हा फर्स्ट डाऊन म्हणजे काय तेही कळत नव्हतं. ते शिकवलं एका मराठी माणसाने, माझ्याहून बराच मोठा, मी त्याला दादाच म्हणायचो, त्याच्या बेसमेंटमध्ये आम्ही गेम बघायचो, वहिनी हाफटाइमला कोबीची भाजी भरून भाजलेले पाव आणायच्या, इथे ज्याला रन्झा म्हणतात तोच पण बीफ न घातलेला, आणि दादा मीठदाणी-मिरपूड-लोणच्याची बाटली टेबलावर मांडून मला ऑप्शन प्ले समजावायचा, लोणचं म्हणजे क्वार्टरबॅक. ऑस्बर्न यांच्यानंतर सोलिच कोच झाले. २००२ला ७-७ झाले. २००३च्या ऑगस्टमध्ये हाच दादा मला म्हणाला, यंदा नऊ जिंकले तर मी समाधानी. नऊ जिंकले. शेवटचा कोलोरॅडोचा गेमसुद्धा जिंकला आणि दुसऱ्या दिवशी सोलिचना काढलं, ५८-१९ असा रेकॉर्ड असलेल्या माणसाला, कारण काय तर प्रोग्रॅम सामान्य होत चाललाय. आणि दादा खूश! मी म्हटलं, तूच नऊ म्हणाला होतास. तो म्हणाला, अरे नऊ म्हणजे कसे नऊ, टेक्सासने कसं हाणलं बघितलं नाहीस का. मी सोडलं नाही. त्याने सोडलं नाही. त्या रात्री जे शब्द गेले ते गेले, पुढच्या वर्षी नवा कोच कॅलहॅन आला, ५-६ झाले, १९६१नंतर पहिल्यांदा नेब्रास्काचा लूजिंग सीझन, आणि मी बरोबर होतो हे सांगायला माझ्याकडे ते बेसमेंट नव्हतं. नंतर ते लोक टेक्सासला गेले. त्या माणसाबरोबर परत एकही गेम बघता आला नाही याची खंत मला आजही आहे, पण मी जे बोललो ते परत तसंच बोलेन. ऑगस्टमध्ये नऊ म्हणालास ना, मग नऊ म्हणजे नऊ.

लोकांना वाटतं की अपेक्षा वाढवत नेणं हाच काय तो दोष. उलटंही तेवढंच वाईट. स्कॉट फ्रॉस्ट. १९९७च्या टीमचा क्वार्टरबॅक, आपला पोरगा, सेंट्रल फ्लोरिडाला १३-० करून कोच म्हणून घरी आला, २०१८ला सगळ्या राज्याने डोक्यावर घेतला. ४-८, ५-७, ३-५. २०२१च्या ऑगस्टमध्ये भेटेल तो म्हणत होता की यंदा बोल गेम नाही तर बास. बोल म्हणजे सीझननंतरचा मानाचा गेम, त्याला लागतात सहा जिंक. झालं काय, ३-९. आणि मग त्याच लोकांनी हिशोब काढला की नऊच्या नऊ गेम दहापेक्षा कमी पॉईंटने हरलो, म्हणजे आपण जवळ आलोय, अजून एक वर्ष देऊ. नऊ जिंकणारे सोलिच सामान्य आणि तीन जिंकणारा फ्रॉस्ट जवळ आलेला! मी तेव्हा म्हटलं की सहा म्हणाला होतात, तीन झाले, आता निरोप द्या. आमच्या इथल्या ग्रुपमध्ये मला निष्ठा नाही म्हणून ऐकवलं. सोलिचच्या वेळी मी फार मऊ होतो म्हणे, आणि फ्रॉस्टच्या वेळी फार कडक. मी होतो तिथेच होतो, बाकीचे हलत होते. पुढे काय झालं तुला माहितीये, २०२२च्या सप्टेंबरमध्ये जॉर्जिया सदर्नशी ४५-४२ हरले आणि दुसऱ्या दिवशी काढला, १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर बायआऊट, म्हणजे काढल्याबद्दल द्यायची भरपाई, दीड कोटी डॉलरवरून ७५ लाखांवर येत होता, तेवढंही थांबवेना. जे शांतपणे डिसेंबरमध्ये करायचं ते रागाच्या भरात तीन गेममध्ये केलं.

तुझी काकू म्हणते की गेम आहे, एवढं काय ताणायचं. ताणायचं असतं. कारण शेवटी या सगळ्या अपेक्षा एका माणसाच्या नोकरीवर येऊन पडतात, त्याच्याबरोबर असिस्टंट आणि त्यांची कुटुंबं, त्यांची पोरं शाळा बदलतात, आणि जी पोरं त्या कोचसाठी कॉलेज निवडून आली ती अधांतरी. स्टेडियममधला आवाज अ‍ॅथलेटिक डायरेक्टरच्या, म्हणजे कोचला ठेवणाऱ्या-काढणाऱ्या माणसाच्या, खोलीपर्यंत जातो गं. तो आवाज दर शनिवारी बदलायचा हक्क आपल्याला नाही.

आता कोणीतरी तुला ऑस्बर्न यांचं उदाहरण देईल, धीर धरा म्हणून. १९७३ला आले, ओक्लाहोमाशी ओळीने पाच वर्षं हरले, लोक तेव्हाही कुरकुरत होतेच, १९७८ला १७-१४ ने एकदाचं हरवलं आणि त्या सीझननंतर ते कोलोरॅडोला जवळजवळ निघालेच होते. पहिलं टायटल १९९४ला, म्हणजे २२व्या सीझनला. सगळं खरं. पण अर्धं सांगतात. त्या पंचवीस वर्षांत त्यांनी एकदाही नऊपेक्षा कमी जिंक दिली नाही, एकदाही. लोकांचा धीर त्यांना कोणी दान दिला नव्हता, दरवर्षी नऊ देऊन त्यांनी तो कमावला होता. आणि वर त्यांच्या आधीचे कोच डेव्हेनी अ‍ॅथलेटिक डायरेक्टर म्हणून खंबीर बसले होते, ज्यांनी स्वतः १९७० आणि १९७१ला टायटल आणलं होतं. तेव्हा ऑस्बर्न यांचं नाव पुढे करून पाच आणि सात जिंकणाऱ्याला बावीस वर्षं द्या म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. कमीत कमी किती, ते आधी लिही.

तू लगेच म्हणशील की नवीन माहिती आली तर आकडा बदलायला नको का, तेच तर शिकवतात आम्हाला. अंदाज बदल ना, दर रविवारी बदल, तुझं मॉडेल आहेच त्यासाठी. काय होईल हा अंदाज, आणि कोचने काय करून दाखवायला हवं ही अपेक्षा, या दोन्ही गोष्टी तू एकाच कागदावर एकाच आकड्यात लिहिल्यास, म्हणून गोंधळलीस. तुझे सात हा अंदाज आहे. अपेक्षा तू अजून लिहिलेलीच नाहीस! आणि अपघाताची सोय आधीच करून ठेव, क्वार्टरबॅक जायबंदी झाला तर दोन कमी धरणार, असं आत्ता लिही, झाल्यावर नाही. झाल्यावर लिहिलं की ती सबब होते.

नुसत्या जिंकण्याच्या आकड्यावरही थांबू नकोस. या टीमचं घोडं कुठे पेंड खातं ते बघ. २०२३ला ५-३ होते, एक जिंकला की बोल, चारही हरले, चारही सात पॉईंटच्या आत. मी शेवटच्या आयोवाच्या गेमला होतो. १०-१०, बॉल आपल्याकडे, काही सेकंद उरलेले, इंटरसेप्शन, आणि घड्याळ संपता संपता त्यांची फील्ड गोल, १३-१०. माझ्या शेजारी एक म्हातारे शेतकरी होते, डंगरी घातलेले, पूर्ण गेमभर एक अक्षर बोलले नव्हते. त्यांनी सीटखालची लाल उशी काढली, तिच्यावरचा कचरा झटकला, घडी घालून काखेत मारली, आणि बाहेर जाणाऱ्या आयोवाच्या पोरांसाठी टाळ्या वाजवल्या, आपल्याकडे ती पद्धतच आहे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, परत नोव्हेंबरमध्येच. एवढंच. २०२४ला ५-१ वरून ओळीने चार हरले, विस्कॉन्सिनला ४४-२५ ने हरवून बोल मिळवला, आणि आयोवाशी पुन्हा १३-१०, पुन्हा शेवटच्या किकवर. बॉस्टन कॉलेजला २०-१५ ने हरवलं, २०१६नंतरचा पहिला बोल, चांगलंच झालं, पण रोग तोच आहे. म्हणून नोव्हेंबरचं वेगळं लिही.

माझं मी लिहिलंय, तुला सांगतो. आठ जिंक. मिशिगन, यूएससी, आयोवा यातली किमान एक. नोव्हेंबरच्या चार गेममध्ये, यूएससी आणि आयोवा घरी, यूसीएलए आणि पेन स्टेट बाहेर, दोन जिंकायच्या. रायओला जायबंदी झाला तर एकूण सात आणि नोव्हेंबरमध्ये दोनऐवजी एक. तुझं माझ्यासारखं असायला पाहिजे असं नाही, दहा लिही, सहा लिही, पण सिनसिनाटीचा गेम २८ ऑगस्टला आहे कॅन्सस सिटीला, त्याच्या किकऑफच्या आधी मला तारीख घालून पाठव, आणि बोर्डवरही त्या सातच्या खाली लिही, म्हणजे सगळ्यांना दिसेल.

२८ नोव्हेंबरला आयोवाचा गेम संपला की मी माझा कागद काढणार. आठ असतील आणि बाकीचंही जमलं असेल तर मी म्हणणार रूल राहू दे, मग मिशिगनने आपल्याला चाळीस पॉईंटने हाणलेलं असलं आणि ओमाहा अख्खं ओरडत असलं तरी. सहा असतील तर, रायओलाचा पाय धड असताना सहा असतील तर, मी म्हणणार की तुझं झालं, भले सगळ्या गेम तीन-तीन पॉईंटने गेलेल्या असोत. आणि ग्रुपवर जे काय बोलायचं ते बोलू देत.