नवी मुलं, अपुरी जागा

प्रश्न : टेक्सासमधल्या हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये लेक कलर गार्डला (बँडसोबत झेंडे फिरवणाऱ्या गटात) आहे. जुन्या 9 जणी, यंदा 17 नव्या आल्या. पालक-स्वयंसेविका म्हणून मी आधी काय बघू? झेंडे?

उत्तर : ताई, झेंडे नंतर, आधी जागा. झेंड्याची काठी 6 फुटांची असते. मैदानावर 8 पावलांत 5 यार्ड जातात, म्हणून दोघींमध्ये 4 पावलं, म्हणजे साडेसात फूट अंतर ठेवायला लावाच. मी शिकवत असताना गर्दीत हे राहून गेलं आणि एकीच्या भुवईवर काठी बसली. अजून आठवलं की पोटात गोळा येतो. नव्यांना महिनाभर ड्रॉप स्पिनच, म्हणजे झेंडा गोल फिरवण्याचा अगदी पहिला प्रकारच द्या. फिरवायची खोटी रायफल आणि सेबर, म्हणजे बोथट तलवार, जुन्यांकडे. एकेका जुनीकडे दोघी नव्या सोपवा. गाळू मात्र कुणालाच नका, हौसेनं आल्यात पोरी.