कोड आवरा, पण चुकारा हलू देऊ नका

वाचकांचे प्रश्न

एआय कोडिंग एजंटकडून (सूचना दिल्यावर फाइली वाचून स्वतः कोड बदलणारं साधन) जुना कोड सोपा करून घेण्याबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या जिनिंगवर कापूस खरेदीचा प्रोग्राम पायथनमध्ये आहे. काट्याचं वजन, ओलाव्याची कपात, हमाली-तोलाई, उचल वजा जाता चुकारा (शेतकऱ्याला द्यायची रक्कम), सगळं चार हजार ओळींच्या एकाच फाइलीत. तिघांनी वेगवेगळ्या वर्षी हात घातलेला, टेस्ट (कोडचं उत्तर बरोबर येतं का हे आपोआप तपासणारा प्रोग्राम) एकही नाही. दसऱ्यानंतर गाड्या सुरू होतात. त्याआधी एजंटकडून हे आवरून घ्यावं का? सुरुवात कुठून करावी?
(हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : घ्या. मात्र दसऱ्याला पंधराच दिवस उरले असतील तर या हंगामात राहू द्या. 'कोड सोपा कर' म्हटलं की एजंट तो सोपा करतो, पण हिशेब तोच येतो की नाही हे तपासायला त्याच्यापाशी काही नसतं. ते आधी तुम्ही हाती द्यायचं.

फाइल आहे तशी गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) कमिट करा, म्हणजे नोंदवून ठेवा, आणि वेगळी ब्रँच, म्हणजे कामाची वेगळी शाखा, काढा. डेटाबेसची कॉपी करून एजंटला तिच्यावरच काम करू द्या. चालू डेटाबेसचा पासवर्ड त्या फोल्डरमध्ये नकोच.

मग मागच्या हंगामातल्या पट्ट्या (खरेदीच्या हिशेबाच्या पावत्या) काढा. ऐन भरातल्या एखाद्या दिवसाच्या सगळ्या घ्या आणि त्यात काही मुद्दाम निवडलेल्या घाला: ओलावा ८, ८.१, १२ आणि १२.१ टक्के असलेल्या, रिकाम्या गाडीचं वजन भरल्या गाडीपेक्षा जास्त नोंदलेली, रद्द झालेली, उचल चुकाऱ्यापेक्षा मोठी असलेली, रक्कम नेमकी ५० पैशांवर येणारी. एजंटला सांगा: 'जुन्या कोडला हात न लावता या पट्ट्या त्यातून चालवणारी स्क्रिप्ट लिही. प्रत्येक पट्टीचं निव्वळ वजन, कपात आणि चुकारा टेक्स्ट फाइलीत एकेका ओळीवर उतरव. तारीख, वेळ आणि पावती क्रमांक पक्के धर.' स्क्रिप्ट दोनदा चालवा. दोन्ही फाइलींत अक्षराचाही फरक नसेल तर तीच तुमची मोजपट्टी.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. कोडमध्ये मुद्दाम ओलाव्याच्या ८ च्या जागी ९ टाका आणि स्क्रिप्ट चालवा. फरक दिसला नाही, तर तुमच्या पट्ट्या त्या वाटेने जातच नाहीत आणि मोजपट्टी फुकाची आहे. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे १२ पर्यंत टक्क्याला टक्का कपात, त्यावर खरेदी नाही, हा सीसीआयचा (भारतीय कापूस निगम) नियम कोडमध्ये असेल तर आणखी एक बघा. ८ पाशी 'जास्त'चं 'जास्त किंवा तेवढंच' झालं तरी बिघडत नाही, कारण कपात शून्यच येते. तेच १२ पाशी झालं तर १२ टक्के ओलाव्याची गाडी फाटकातून परत जाते. म्हणून सीमेवरच्या पट्ट्या हव्यात.

आता बदल, एका वेळी एकच. आधी नावं सुधारा, मग लांब फंक्शनातून तुकडे वेगळे काढा, एकसारखे तुकडे जोडणं सगळ्यात शेवटी. प्रत्येक बदलानंतर मोजपट्टीशी तुलना करायची, फरक शून्य आला तर कमिट, नाहीतर तो बदल टाकून द्यायचा. सूचना साधी आणि बंदिस्त असू द्या: 'फक्त ओलाव्याची कपात वेगळ्या फंक्शनात काढ. सूत्र बदलू नकोस. दुसऱ्या फाइलीला हात लावू नकोस. चूक दिसली तर दुरुस्त न करता यादीत लिही.' शेवटचं वाक्य गाळू नका. जुन्या कोडमध्ये चुका निघतातच. त्या दुरुस्त करायच्या, पण वेगळ्या कमिटमध्ये आणि मालकाला विचारून, कारण तेवढा चुकारा बदलणार असतो.

एक उदाहरण जवळून बघू. रुपयात पूर्ण करण्यासाठी जुन्या कोडमध्ये रकमेत ०.५ मिळवून इंट (दशांशाचा भाग टाकून देणारं फंक्शन) लावलेलं असतं. एजंटला ते ओबडधोबड वाटतं, म्हणून तो तिथे राउंड टाकतो. पायथन ३ मधला राउंड नेमक्या अर्ध्यावर सम संख्येकडे वळतो. त्यामुळे १२,३४५.५० चे दोन्हीकडे १२,३४६ येतात, पण १२,३४४.५० चे जुन्यात १२,३४५ आणि नव्यात १२,३४४. शेतकऱ्याचा एक रुपया गेला, तोही काही पट्ट्यांवरच, म्हणजे ऑडिटमध्ये सापडायला सगळ्यात कठीण.

डिफ (आधीच्या आणि नंतरच्या कोडमधला फरक) वाचताना हिरव्या, म्हणजे नव्या, ओळींआधी लाल, म्हणजे काढलेल्या, ओळी वाचा. गेलेली अट, गेलेली डिफॉल्ट किंमत, चूक पकडणारं गेलेलं एक्सेप्ट. नवा कोड नेहमी गोमटाच दिसतो.

प्रश्न : बाजार समितीच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठूनच न बोलावलेली तीसेक फंक्शनं एजंटने शोधली. काढू देऊ का?
(दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : एकदम नाही. 'कुठून बोलावलं नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा 'कोडच्या मजकुरात नाव सापडलं नाही' एवढाच असतो. नाव डेटाबेसच्या मेनू टेबलात असू शकतं, एचटीएमएल टेम्प्लेटमध्ये असू शकतं, किंवा रात्री ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये. काही ठिकाणी पिकाचं नाव जोडून फंक्शनाचं नाव तयार होतं, ते तर शोधून सापडणारच नाही. शिवाय तुमच्याकडचा कोड हंगामी. तुरीची मुख्य आवक ठरावीक महिन्यांतच, वार्षिक ताळेबंद ३१ मार्चलाच.

एजंटकडून प्रत्येक संशयित फंक्शनाच्या पहिल्या ओळीवर लॉगची नोंद घालून घ्या: नाव, तारीख, कुणी बोलावलं. खरीप, रब्बी आणि ३१ मार्च ओलांडेपर्यंत राहू द्या. वर्षभर वाट पाहणं जड वाटेल, पण न वापरलेल्या दोनशे ओळी तशाच पडून राहिल्याने कुणाचं पेमेंट अडत नाही. कॉमेंटमध्ये गेलेला जुना कोड मात्र आजच काढा, तो गिटमध्ये आहेच.

प्रश्न : एजंट म्हणतो सगळ्या टेस्ट पास. तरी रिपोर्ट चुकीचा छापला जातो. असं कसं?
(उमरखेड, जि. यवतमाळ)

उत्तर : त्याने टेस्टच बदलली नाही ना, ते आधी बघा. 'टेस्ट पास कर' म्हटल्यावर अपेक्षित आकडा बदलणं, टेस्ट स्किप करणं किंवा अपवाद (प्रोग्राम अडल्याची सूचना) गिळून शून्य परत देणं, हे तिन्ही प्रकार एजंटकडून होतात. टेस्टचं फोल्डर वेगळ्या कमिटमध्ये ठेवा, आवरण्याच्या कामात त्यातली एकही ओळ डिफमध्ये दिसली तर तो तुकडा नामंजूर. आणि टेस्ट तुमच्या हाताने, वेगळ्या टर्मिनलमध्ये चालवा.

प्रश्न : पतसंस्थेचा प्रोग्राम व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये आहे, पावत्या डॉट मॅट्रिक्सवर मराठीत छापतात. एजंटने कोड नीटनेटका केला आणि मराठी अक्षरं फुटली.
(मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : शिवाजी, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये 'बचत खाते' हे शब्द युनिकोडमध्ये साठवलेले नसतात. कोडमध्ये ते इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र खुणा म्हणून दिसतात. एजंट एकतर त्यांना कचरा समजून 'सुधारतो', किंवा फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतो आणि १२७ च्या वरच्या एकेका बाइटचे दोन-तीन होतात. मूळ फाइल गिटमधून परत आणा. असा सगळा मजकूर एका वेगळ्या फाइलीत हलवून घ्या आणि तिला हात लावायचा नाही हे एजंटच्या सूचना फाइलीत लिहा.

रिकाम्या जागांचंही तेच. ८० रकान्यांच्या पावतीत ओळीच्या शेवटच्या स्पेसना अर्थ असतो. सीएचआर १५ ने अक्षर बारीक होतं, सीएचआर १८ ने पूर्ववत, हे आकडे निरर्थक दिसले तरी प्रिंटरचे हुकूम आहेत. आधीची आणि नंतरची पावती प्रिंटरऐवजी फाइलीत काढा आणि विंडोजच्या एफसी कमांडला स्लॅश बी लावून बाइट-बाइट जुळवा.

आणखी एक, आणि हे महत्त्वाचं. फॉक्सप्रोत पीआरजी फाइली मजकुराच्या असतात, पण फॉर्म आणि रिपोर्ट टेबलाच्या रूपात साठवलेले असतात. बटणामागचा कोड एजंटला वाचताच येत नाही, म्हणून तो वापरातली फंक्शनं बिनकामाची ठरवतो. फॉक्सबिनटूपीआरजी हे साधन वापरून फॉर्म आधी मजकुरात उतरवा. मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोचा आधार २०१५ मध्येच थांबवला आहे, तेव्हा कधीतरी स्थलांतर करावंच लागेल. ते वेगळं काम, वेगळं बजेट. आवरण्यात मिसळू नका.

सभासदांचे आधार आणि खाते क्रमांक असलेली डीबीएफ (फॉक्सप्रोची डेटा फाइल) एजंटच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. आकडे बदलून नमुना तयार करा, अंकांची लांबी तेवढीच ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे वीज जाते, नेट तुटतं. काम अर्ध्यात राहिलं तर? लॅपटॉपवरच चालणारं एआय मॉडेल बरं पडेल का?
(आरमोरी, जि. गडचिरोली)

उत्तर : कामाचे तुकडे लहान असतील तर नुकसान एका तुकड्याचं. वीज आल्यावर गिट स्टेटस बघा. अर्धवट बदल दिसले तर ते सरळ टाकून द्या आणि तीच सूचना पुन्हा द्या. 'राहिलेलं पूर्ण कर' म्हणू नका. तीन फाइलींपैकी दोनच ठिकाणी बदललेली नावं तो कशी जुळवेल याचा भरवसा नाही.

सात-आठ अब्ज पॅरामीटरचं (मॉडेलच्या आतले आकडे) मॉडेल ४ बिटमध्ये, म्हणजे ते आकडे आखूड करून साठवल्यावर, सुमारे ५ जीबी मेमरी घेतं, १६ जीबीच्या लॅपटॉपवर चालतं, ग्राफिक्स कार्ड नसेल तर सावकाश. एखादं फंक्शन समजावून घ्यायला किंवा नावं सुचवायला पुरतं. अनेक फाइलींतला बदल त्याच्यावर सोपवू नका. तुलनेच्या स्क्रिप्टला नेट लागत नाही, तेव्हा नेट असताना बदल करून घ्या आणि तपासणी, डिफ वाचन नेट गेल्यावर बॅटरीवर करा.