खांबाचा शिरोभाग झिजला असेल तर ग्रीक-रोमन शैली कशी ओळखायची?

तुम्ही विचारलंय की शिरोभाग तुटलेला किंवा झिजलेला असेल तर डोरिक, आयोनिक, कोरिंथियन या खांबांच्या तीन शैली वेगळ्या कशा करायच्या. माझा सल्ला, नजर खालून वर न्या.

आधी तळखडा, म्हणजे खांबाखालची बैठक. ग्रीक डोरिक खांबाला तो नसतोच. अथेन्समधल्या पार्थेनॉन मंदिराचे खांब थेट चौथऱ्याच्या दगडावर उभे आहेत. आयोनिक आणि कोरिंथियन खांबांना गोल कंगोऱ्यांचा तळखडा असतो.

मग पन्हळी, म्हणजे खांबावरच्या उभ्या खाचा. डोरिकच्या बहुधा २०, उथळ, आणि दोन पन्हळींमध्ये धारदार कड. आयोनिकच्या बहुधा २४, खोल, आणि मध्ये अरुंद सपाट पट्टी. हाताएवढा तुकडा मिळाला तरी या कडेवरून फरक कळतो. डोरिकची धार माणसांच्या वावरानं सहज फुटते. अथेन्समधल्या अॅटलॉसच्या स्टोआत (खांबांच्या लांब ओसरीत) बाहेरच्या डोरिक खांबांचा खालचा भाग पन्हळींविना ठेवलाय, तो मला याच कारणासाठी फार शहाणपणाचा वाटतो.

आयोनिक की कोरिंथियन, हे मात्र खांबाच्या नुसत्या मधल्या दांड्यावरून ठरत नाही. आसपास पडलेले शिरोभागाचे तुकडे शोधा. अकँथस या झाडाची कोरलेली पानं (कोरिंथियनची खूण) दिसली तर आयोनिक बाद. आयोनिक शिरोभागाची वेटोळी समोरून आणि मागून दिसतात, बाजूंनी तो गुंडाळलेल्या लोडासारखा असतो. त्यामुळे इमारतीच्या कोपऱ्यावर अडचण होते. अथेन्समधल्या अथेना नायकीच्या मंदिरात कोपऱ्यावरचं वेटोळं ४५ अंशांत बाहेर वळवून ती सोडवली आहे. कोरिंथियन चारही बाजूंनी सारखाच, म्हणून कोपऱ्यावर काहीच करावं लागत नाही.

रोमन इमारतींत दोन ठिकाणी हमखास फसगत होते. कोलोसियमच्या तळमजल्यावरचे अर्धखांब डोरिकसारखे दिसतात, पण त्यांना तळखडा आहे आणि पन्हळी नाहीत; ही टस्कन, म्हणजे डोरिकची साधी रोमन धाटणी. उलट, रोमच्या पँथिऑनच्या दर्शनी मंडपातले १६ ग्रॅनाइटचे खांब गुळगुळीत असूनही कोरिंथियनच आहेत. पन्हळी नाहीत म्हणजे टस्कन, असं धरू नका.

पानांच्या वर आयोनिकसारखी मोठी वेटोळी आणि त्यांच्यामध्ये अंडाकृती नक्षी दिसली, तर तो कंपोझिट, म्हणजे आयोनिक आणि कोरिंथियनचं रोमन मिश्रण. रोममधल्या टायटसच्या कमानीवर तो नीट पाहायला मिळतो. कोरिंथियनमध्ये कोपऱ्यांवरची वेटोळी लहान आणि पानांतून उगवल्यासारखी असतात.