“मुलांना विचारलं तर ती अर्धा पोर्शनच काढून टाकायला सांगतील!”

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

सरांनी बसल्या बसल्या पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. “वाचा, मॅडम. म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.”

बासष्ट फॉर्म होते. प्रत्येकावर एकच प्रश्न छापलेला : ‘या विषयाच्या नियोजनात तुम्हाला कोणते बदल हवेत?’ उत्तरं अशी – ‘सोपं करा.’ ‘गणितं नकोत.’ ‘पोर्शन कमी करा.’ पुन्हा ‘सोपं करा.’ बऱ्याच जणांनी नुसती आडवी रेघ मारली होती. एकावर मात्र बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘आम्ही लिहून काय होणार?’ मी तो कागद बाजूला काढून ठेवला.

सर माझ्याकडे समुपदेशनाला आले होते ते झोपेसाठी. एकोणीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलेला माणूस पहाटे तीनला जागा होत होता आणि दिवसभर चिडचिड करत होता. दोन भेटींनंतर मूळ दुखणं सापडलं. नव्या विभागप्रमुखांनी फर्मान काढलं होतं : पुढच्या सत्राच्या नियोजनात विद्यार्थ्यांचं मत घ्या. सरांनी फॉर्म वाटले आणि ही उत्तरं आली. “एकोणीस वर्षांच्या कामावर बासष्ट जणांनी ‘सोपं करा’ असा शेरा मारलाय. उद्या विषयच नको म्हणतील. मग शिक्षकाचं काम काय राहिलं?”

ही काळजी मी अनेक शिक्षकांकडून ऐकली आहे. तिला भित्रेपणा म्हणून झटकून टाकू नये, कारण तिच्यात तथ्य आहे. जो विषय अजून शिकलाच नाही, त्यातलं काय महत्त्वाचं हे विद्यार्थ्याने कसं सांगावं? नमुना निवड म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, तो ती वगळा म्हणाला तर ते त्याचं मत नसतं, अंदाज असतो.

सर त्यांची ठेवणीतली उपमा घेऊनच आले होते. “रोग्याला विचारून औषध ठरवतात का?”

पहिल्या भेटीत त्यांनी सांगितलं होतं की रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली की गरगरायचं, म्हणून डॉक्टरांनी ती रात्री घ्यायला सांगितली. मी विचारलं, “गोळीची वेळ बदलली ती कुणाच्या सांगण्यावरून?”

“मीच सांगितलं ना त्यांना गरगरतं म्हणून.” मग थांबले. “पण गोळी कोणती ते मी नाही सांगितलं.”

“तेवढंच.”

इथवर ठीक होतं. पुढची चूक माझी. मी उत्साहाच्या भरात सुचवलं, फॉर्म सोडा, वर्गाशी मोकळेपणाने बोला, पुढचे दोन आठवडे काय आणि कसं शिकायचं ते त्यांनाच ठरवू द्या. सरांनी प्रामाणिकपणे केलं. चाळीस मिनिटं पुढच्या बाकावरची तीन मुलं भांडली, मागच्या बाकांवर दुसऱ्याच विषयाचं जर्नल पूर्ण झालं आणि शेवटी एक मुलगी म्हणाली, “सर, तुम्हीच ठरवा ना. आम्हाला यातलं अजून काहीच माहीत नाही.”

सर हे सांगताना चक्क खूश होते. मला मात्र मान्य करावं लागलं की मुलीचं बरोबर होतं आणि माझा सल्ला कच्चा होता. समोर सगळंच मोकळं टाकलं की माणूस निवडत नाही, गांगरतो. मानसशास्त्रज्ञ शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांच्या 2000 सालच्या संशोधनातला एक प्रयोग वर्गातलाच आहे. जादा गुणांसाठी ऐच्छिक निबंध होता. काही विद्यार्थ्यांना सहा विषय दिले, काहींना तीस. सहावाल्यांपैकी 74 टक्के मुलांनी निबंध लिहिला, तीसवाल्यांपैकी 60 टक्के. पर्याय वाढले की असंच होतं, हे नंतरच्या सगळ्या प्रयोगांत दिसलं नाही, हेही सांगायला हवं. पण सरांच्या वर्गात त्या दिवशी झालं ते याच जातीचं होतं.

मग आम्ही प्रश्नच बदलले. त्यावर दोन भेटी गेल्या, आणि खरं काम तिथेच झालं. पहिल्यांदा सरांनी एका कागदावर लिहून काढलं की काय हलणारच नाही : विद्यापीठाने नेमलेले घटक आणि शेवटची परीक्षा. हे वर्गाला आधीच सांगायचं, म्हणजे ‘पोर्शन कमी करा’ला जागाच उरत नाही. मग उरलं काय? सरांना वाटलं होतं काहीच नाही. पेन्सिल हातात घेतल्यावर यादी वाढत गेली. घटकांचा क्रम, वेग, उदाहरणं कुठली घ्यायची, सराव वर्गात की घरी, असाइनमेंटची तारीख, तोंडी की लेखी. क्रमापाशी ते अडखळले. संभाव्यता आधी पाच आठवडे, मग प्रत्यक्ष आकडेवारी, असंच ते शिकवत आले होते. मी विचारलं, उलटं केलं तर काय बिघडेल? बराच वेळ विचार करून म्हणाले, “थोडं मागेपुढे करावं लागेल. पण तसं काही नाही बिघडत. मला असंच शिकवलं होतं, म्हणून...” वाक्य अर्धंच राहिलं.

पुढच्या तासाला त्यांनी नाव न घालता भरायच्या लहान चिठ्ठ्या वाटल्या. (हात वर करायला लावलं की तेच तिघं बोलतात, हे एव्हाना कळलं होतं.) एका बाजूला : गेल्या महिन्यात नेमकं कुठल्या तासाला हरवलात? दुसऱ्या बाजूला : आकडेवारी आधी की संभाव्यता आधी, आणि का? शिवाय भिंतीवर पंधरा आठवड्यांचा तक्ता लावला आणि प्रत्येकाला सांगितलं, तुमच्या सगळ्या विषयांची सबमिशन्स यावर मांडा.

तो तक्ता सर माझ्याकडे घेऊन आले. नववा आठवडा जवळजवळ काळा झाला होता. पाच दिवसांत चार विषयांची सबमिशन्स आणि एक तोंडी परीक्षा. त्यातलं सगळ्यात मोठं सबमिशन सरांचंच. ते बोट ठेवून बसले होते. “मॅडम, नवव्या आठवड्यात मुलं एकमेकांचं उतरवून काढतात म्हणून मी दरवर्षी प्रामाणिकपणावर भाषण देतो.”

मला या सगळ्या प्रकरणात सापडलेली गोष्ट हीच. प्रत्येक शिक्षकाला आपल्या विषयाचं नियोजन दिसतं. सगळे विषय एकाच आठवड्यात कसे येऊन आदळतात हे फक्त विद्यार्थ्यालाच दिसतं. ही माहिती विभागात दुसऱ्या कुणाकडेही नव्हती आणि ‘कोणते बदल हवेत’ असं विचारून ती कधीच मिळाली नसती.

हरवल्याच्या चिठ्ठ्याही बोलक्या होत्या. निम्म्याहून जास्त जणांनी एकच तास सांगितला, प्रमाण विचलनाचा. “त्या दिवशी मी घाईत होतो,” सर म्हणाले. त्यांनी तो तास पुन्हा घेतला. क्रमाबाबत बहुमत आकडेवारी आधीच्या बाजूने पडलं आणि सरांनी ते मानलं. वर्गाची तिसरी मागणी होती, सिद्धता गाळा. तिला त्यांनी नाही म्हटलं, आणि का नाही ते दहा मिनिटं फळ्यावर दाखवलं. त्या दहा मिनिटांना मी फार मोल देते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या स्वनिर्णयाच्या सिद्धांतात स्वायत्तता म्हणजे मनाला येईल ते करण्याची मुभा नव्हे. ‘हे मी का करतोय’ ते समजणं आणि पटणं हाही तिचाच भाग. कारणासकट मिळालेला नकार मुलं पचवतात. विचारून गप्प बसणं पचवत नाहीत. ‘आम्ही लिहून काय होणार?’ लिहिणाऱ्याने तसल्याच गप्पपणाचा अनुभव घेतला असणार. रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, त्यात खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. तिसरी पायरी आहे नावापुरतं विचारणं. भरून घेऊन कपाटात गेलेले फॉर्म तिथेच बसतात.

मध्ये एकदा सरांना हसवायला मी मध्ययुगातल्या, इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाची गोष्ट सांगितली. तिथे विद्यार्थ्यांच्या संघांचा अंमल असे. कुठला भाग कुठल्या तारखेपर्यंत शिकवून व्हायला हवा हे नियमात ठरलेलं, आणि प्राध्यापकाला आधी अनामत ठेवावी लागे. मागे पडला तर दंड त्यातून कापायचे. “म्हणजे पोर्शन राहिला की माझाच खिसा!” सर म्हणाले. “विभागप्रमुखांना सांगू नका.” त्या खोलीत ते हसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

झोपेचं म्हणाल तर ती एकदम सुधारली नाही. पण पहाटे तीनला डोक्यात फिरणारं वाक्य बदललं, असं ते म्हणाले. ‘मी नापास झालो’च्या जागी कधी असाइनमेंटची तारीख यायची, कधी उद्याचं उदाहरण. त्यावर पुन्हा झोप लागायची.

शेवटच्या भेटीला त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. नवव्या आठवड्यातली तारीख पुढे ढकलायला बाकीच्या विषयांचे शिक्षक तयार झाले नाहीत, म्हणून यांनी स्वतःचं सबमिशन सातव्यात घेतलं. कुरकुर झाली, कारण सातवा आठवडा मुलांनीच निवडला होता आणि तो आल्यावर त्यांना आठवा हवा होता. सर बधले नाहीत.

दुसरी गोष्ट : आता वर्गाला अंतर्गत गुणांची वाटणीही ठरवायची होती.

“ते मात्र मी विचारणार नाही,” सर म्हणाले, आणि माझ्याकडे बघत राहिले.

“नका विचारू,” मी म्हटलं. “का नाही, ते तेवढं सांगा.”